सासऱ्यांचा फॉन्ट

माझा धंदा सांगितला की लोक आधी मान डोलावतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" मी फॉन्ट बनवतो. कंप्युटरवर आणि फोनवर जी अक्षरं दिसतात ती कुणीतरी बसून एकेक करून काढलेली असतात, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. ती आपोआप येतात असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या सख्ख्या आईचाही तोच आहे. ती शेजारणींना सांगते, "कंप्युटरचं काहीतरी करतो, घरीच असतो," आणि त्यातलं "घरीच असतो" जरा हळू म्हणते.

माझी बायको तिबेटी आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी तिच्या भाषेतली तीन वाक्यं पक्की शिकलो: "अजून वाढ", "पुरे आता" आणि "माझं चुकलं". तिसरं घरात सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि ते नेहमी मीच वापरतो. बायकोच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. हा तिच्या माहेरचा गुण. तिचे वडील आमच्याकडेच राहतात, त्यांच्याही तोंडून ते कुणी ऐकलेलं नाही. बापलेकीचं भांडण झालं की दोघं चार दिवस मिठाची बरणी माझ्यामार्फत मागतात.

लिपी मात्र मला वाचता येत नाही. फॉन्ट करणाऱ्याला वाचता यायलाच हवं असंही नाही. शिंपी काय शिवलेला प्रत्येक झगा स्वतः घालून बघतो? पण घरात ती लिपी असून मी तिला कधी हात लावला नव्हता, आणि यावरून मी बरीच बोलणी खाल्ली होती. त्यामुळे रविवारच्या तिबेटी शाळेच्या मोठ्या बाई एक दिवस बगलेत कागद मारून आमच्याकडे आल्या, तेव्हा बायकोनं मला विचारण्याआधीच "करेल तो" म्हणून टाकलं. ती त्याच शाळेत लहान वर्गाला शिकवते.

बाईंनी नव्या वाचनपुस्तकाचं एक पान माझ्यासमोर आपटलं. "हे बघा. सगळ्यांचे पाय कापलेत."

तिबेटी अक्षराच्या डोक्यावर आपल्यासारखीच रेघ असते, फक्त ज्याची त्याची वेगळी, शेजाऱ्याला न चिकटणारी. रेघेखाली अक्षर, त्या अक्षराखाली दुसरं अक्षर, वेळ पडली तर तिसरं, आणि सगळ्यांच्या तळाशी उकार. आपण आडवे पसरतो, ही मंडळी खाली उतरत जातात. आता हे ज्याला ठाऊक नाही असा कुणी ओळींमधलं अंतर ठरवायला बसला, की तळाचा उकार छाटला जातो. बाईंनी नेटवरून घेतलेल्या फुकटच्या फॉन्टचं तेच झालं होतं.

"मुलं उकार सोडून वाचतात आणि मी त्यांनाच ओरडते," बाई म्हणाल्या. "तुम्ही नवा करा. मुलांना बघावंसं वाटेल असा."

"करतो. पण वळण कुणाचं घ्यायचं? कुणीतरी अक्षरं काढून द्यायला हवीत."

बाईंनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं. दार लोटलेलं होतं, आणि आतून कुणीतरी लक्ष देऊन ऐकत असलं की जशी शांतता येते तशी येत होती.

बाबा, म्हणजे माझे सासरे, छापखान्यात होते. पण आपल्या डोळ्यांसमोर जो छापखाना येतो तो नव्हे. तिथं लाकडाच्या फळीवर अख्खं पान कोरायचं, शाई लावायची, वर कागद ठेवून दाबायचा. कागदावर सरळ उमटायचं म्हणून लाकडावर सगळं उलटं, आरशात दिसतं तसं. पानं कोरणारे वेगळे असत. बाबा दुरुस्तीला होते. कोरताना कुणाचं अक्षर चुकलं किंवा वापरून वापरून झिजलं, की बाबा तेवढंच लाकूड पटाशीनं काढायचे, तिथं नवा तुकडा ठोकून बसवायचे आणि त्यावर ते एक अक्षर उलटं कोरायचे. तेही मूळ कोरणाऱ्याच्या वळणात, शेजारच्या अक्षरांना पत्ता लागू न देता. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. हजारो पानांत त्यांचं एखाददुसरं अक्षर आहे आणि कुठल्याही पानात ते कुणाला दाखवता येणार नाही, कारण दाखवता आलं तर ती दुरुस्ती वाईट. एक अख्खं पान, डोक्यापासून पायापर्यंत स्वतःच्या वळणाचं, त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. मग छापखाना बंद पडला, फळ्या कुठं कुठं गेल्या, आणि बाबा एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या मागच्या खोलीत आले.

त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. बायकोनं सांगितलं होतं, आणि तेही भांडणात, "तू काय समजतोस माझ्या वडिलांना" या सुरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडायला गेलो, तर ते उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसले होते. दाढी केलेली, बाह्या दुमडलेल्या, पेटीतला बोरू तासून शाईची दौत उघडून तयार. "किती लागतील?" त्यांनी विचारलं.

"मूळ तीस. शिवाय चार स्वर. मग एकाखाली एक अशा जोडण्या धरून पाचशेच्या वर. पण बाईंना आधी एक पान नमुना हवाय, त्यापुरती एकशे चाळीस झाली तरी खूप."

"एकशे चाळीस," बाबा म्हणाले. "माझ्या वळणात?"

"तुमच्याच."

त्यांनी बोरू दौतीत बुडवला. हा माणूस हसताना मी फारसा पाहिलेला नाही. त्या दिवशीही तो हसला नाही, पण चहा दोनदा मागून घेतला.

दुपारपर्यंत बारा अक्षरं झाली. काय अक्षरं होती! एकेक कागदावर उतरलं की वाटायचं, आता उठून चालायला लागेल. मी ती स्कॅन केली, पडद्यावर मोठी केली आणि बायकोला हाक मारली. ती ओले हात पदराला, म्हणजे अंगातल्या माझ्या शर्टाला, पुसत आली. पाहिलं. आणि खो खो हसत सुटली.

"बाबा! अहो बाबा, सगळी उलटी!"

खरंच उलटी होती. चाळीस वर्षांची सवय. बोरू हातात आला आणि हात आपल्या वाटेनं गेला. मला लिपी येत नसल्यानं मला ती सुंदरच दिसत होती. बायकोच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, ती एकदा सुरू झाली की तिला थांबता येत नाही एवढंच. पण बाबांचा चेहरा मी पाहिला. वर्गात सगळ्यांसमोर चूक निघालेल्या मुलाचा असतो तसा तो झाला होता, आणि मला ते बघवेना.

"त्यात काय, मी इथं फिरवून घेतो," मी घाईघाईनं म्हणालो. "एक बटण आहे."

"नको," बाबा म्हणाले. "उलटं ते उलटं. मला काही सरळ लिहिता येत नाही असं नाही."

त्यांनी बारा कागदांची चौपदरी घडी केली. त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता; घडी तिथं सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. मग त्यांनी बोरूचं टोक उजवीकडचं डावीकडे तिरकं तासून घेतलं आणि नव्या कागदावर पहिलं अक्षर सरळ काढायला घेतलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आठवायचे नाहीत, तरी सांगतो. बाबा सकाळी आठला बसायचे आणि एका अक्षराला अर्धा अर्धा तास लावायचे. काढायचे, मान मागे घ्यायचे, खोडायचे, परत काढायचे. आधी डोक्यावरची रेघ, मग थांबून विचार, मग पुढचा फराटा. कुठं चूक नव्हती. मापात, सारख्या जाडीची, शिस्तीत उभी. मी ती भराभर पडद्यावर घेत होतो, कडा नीट करत होतो आणि स्वतःला सांगत होतो की छान आहेत. बायको रोज येऊन "छान आहेत बाबा" म्हणायची. ती हसली होती तेव्हा मनापासून हसली होती. हे "छान" तितकं मनापासून नव्हतं, आणि बापाला ते कळत होतं. तिच्या बाजूला मान न वळवता ते "हं" म्हणायचे. मिठाची बरणी पुन्हा माझ्यामार्फत फिरू लागली.

सोमवारी मोठ्या बाई नमुना बघायला आल्या. मी पान छापून तयार ठेवलं होतं. बाबा दाराच्या चौकटीत उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाईंनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं, बोट ठेवून ओळ ओळ पाहिली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "एक चूक नाही."

त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि पुन्हा उचललं नाही. माझ्या धंद्यात मी एवढं शिकलोय की कुणी "चूक नाही" म्हणालं की बॅग आवरायला घ्यावी.

"पण मुलं बघणार नाहीत ह्याच्याकडे," बाई चष्मा काढत म्हणाल्या. "घाबरून उभी आहेत सगळी. मला खोटं बोलता येत नाही, रागावू नका. शुक्रवारी पुस्तक छपाईला द्यायचंय. तोवर काही जमलं तर दाखवा. नाहीतर नेटवरचाच घेऊ, ओळींत अंतर वाढवून."

त्या बिचाऱ्या चांगल्या बाई आहेत, पण त्या क्षणी मला त्यांचा अतोनात राग आला. त्याहून जास्त राग आला तो त्या बरोबर होत्या याचा.

बाई गेल्या. बाबांनी बोरू धुतला, पुसला, पेटीत ठेवला, पेटी खाटेखाली सरकवली. "माझा हात दुसऱ्यांच्या पानांतच बरा होता, जावईबापू," ते म्हणाले. "माझं म्हणून काही वळण नाहीच. इतकी वर्षं दुसऱ्याचं काढलं, माझं कुठून उरणार?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. भर दुपारी आडवा होणारा माणूस नव्हे तो.

बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. "मी हसले म्हणून झालं हे," ती म्हणाली.

"मग जाऊन सांग तसं."

"काय सांगू?"

मी माझ्या तीन वाक्यांतलं तिसरं म्हणून दाखवलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते लगेच स्वतःसाठी पुन्हा एकदा म्हटलं.

मंगळवारी संध्याकाळी मी भाजी आणायला गेलो. थंडी चांगलीच पडली होती. परत येताना दोन्ही हातांत पिशव्या, बगलेत पाव, आणि डोक्यात शुक्रवार. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. आत चहाचं आधण ठेवलं की थंडीत तिची काच धुरकट होते. मी फाटकाशी आलो आणि थबकलो.

काचेवर अक्षरं होती. बोटानं काढलेली, सहा-सात, आणि माझ्या डोळ्यांसमोर आठवं उमटत होतं. पलीकडून बाबांचं बोट वाफेवर फिरत होतं. डोक्यावरची रेघ एका झटक्यात, मग खाली झोका, मग तळाशी उकाराचा आकडा, न थांबता. चहा उकळेपर्यंत वेळ घालवत उभा असलेला माणूस करतो तसा चाळा. आणि ही अक्षरं घाबरलेली नव्हती. ही चालली होती, हात हलवत, गप्पा मारत.

मला वाचता येत नव्हतं, पण तीन आठवडे मी ही लिपी खात-पीत होतो. मी नीट पाहिलं. सरळ होती. मी बाहेर उभा होतो आणि मला सरळ दिसत होती. म्हणजे आतून ती उलटी असणार.

पाव फाटकाशीच पडला. तो नंतर शेजारच्या कुत्र्याला मिळाला, त्याचं भलं झालं. मी पिशव्यांसकट स्वयंपाकघरात घुसलो.

"बाबा, पुसू नका! हात लावू नका काचेला!"

बाबा दचकून मागे सरकले. "काय झालं?"

"हे उलटं का काढलंत?"

त्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "उलटं कुठं आहे?" ते म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पुन्हा तसाच झाला. त्यांनी बाही ओढून काच पुसायला हात उचलला, आणि मी, अकरा वर्षांत ज्यानं सासऱ्यांना कधी मोठ्यानं हाक मारली नाही, त्यांचा हात धरला.

"बाहेर चला."

"चहा आहे गॅसवर."

"उतू जाऊ दे. बाहेर चला."

त्यांना तसंच घरातल्या सपाता घालून फाटकापाशी आणलं. ते काचेसमोर उभे राहिले. थंडीत त्यांच्या तोंडातून वाफ येत होती.

"हे तुमचं वळण," मी म्हणालो. "कुणाचं आहे सांगा दुसऱ्या कुणाचं असेल तर."

त्यांनी एकेक अक्षर पाहिलं. दुरुस्तीवाल्याच्या नजरेनं, मूळ कोरणारा ओळखू येतोय का ते शोधत. ओळखू आला नसावा.

"आजच्या आज परत सुरू करू," मी म्हणालो. "तुम्ही उलटी काढा. मी फिरवतो. एक बटण आहे."

"ते मी ऐकलंय. उलटं काढायचं आणि दुसऱ्यानं सरळ करून द्यायचं, मग ते माझं कसं?"

"छापखान्यात सरळ कोण करायचं?"

"कागद."

"मग कागदानं केलेलं चालतं आणि जावयानं केलं तर कमीपणा?"

बाबा विचारात पडले. खरोखर पडले. "कागद बडबड करत नाही," शेवटी ते म्हणाले.

"मीही करणार नाही."

"तुम्ही?" बाबा म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

आत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते टेबलाखालची घडी ओढून काढण्याचं. टेबल डुगडुगायला लागलं. तिथं मी माझा एक जुना, जाडजूड आणि कधीही न वाचलेला माहितीग्रंथ सरकवला. बारा कागद उलगडून त्यांनी ओळीनं मांडले. मग बोरूचं टोक पुन्हा पहिल्यासारखं तासलं.

बुधवार आणि गुरुवार मी तोंडाला कुलूप लावून काढले. माझ्या ओळखीतल्या कुणाचाही यावर विश्वास बसत नाही. बाबा काढायचे, कागद माझ्याकडे सरकवायचे, मी फिरवून कडा नीट करायचो, छापायचो, त्यांच्यापुढे ठेवायचो. अर्ध्या तासाला एक अक्षर काढणारा माणूस दहा मिनिटांत तीन काढत होता. मध्येच गुणगुणत होता. एकदा त्यांनी मला विचारलं, "बरं आहे ना?" मी कागद असल्यानं उत्तर दिलं नाही. त्यांना ते फार आवडलं. बायको दारात येऊन उभी राहायची, आत यायची नाही. चहाचे कप चौकटीपाशी ठेवून जायची आणि रिकामे झाले की उचलून न्यायची.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या त्या उभ्या उभ्याच. रिक्षा फाटकाशी थांबवली होती. "द्या, बघते," म्हणाल्या. मी पान दिलं. बाबा पुन्हा चौकटीत. बायको त्यांच्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून.

बाईंनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या ओळीवर बोट नव्हतं. तिसऱ्या ओळीपाशी त्या खुर्चीत बसल्या. पाचव्या ओळीला त्या एकदम फस्सकन हसल्या.

बाबांनी चौकट घट्ट धरली.

"हा बोकड बघा हो," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "धड्यातला. सावकाराची टोपी खातो आणि वर त्यालाच शिंगं दाखवतो. किती वर्षं शिकवतेय हा धडा, आज पहिल्यांदा हसू आलं." मग त्या थांबल्या. पानाकडे पाहिलं, आम्हा तिघांकडे पाहिलं. "मी अक्षरं बघायला आले होते ना?"

"हो," मी म्हणालो.

"ती बघायचीच राहिली. वाचतच गेले."

माझ्या धंद्यात याहून मोठं सर्टिफिकेट नसतं. मी बाबांकडे वळलो तर ते जमिनीकडे बघत होते. बाई पुन्हा पानात गेल्या आणि एकाएकी शेवटच्या ओळीवर बोट आपटलं. "अहो, पण इथला उकार कुणी कापला?"

शेवटच्या ओळीचे पाय पानाच्या खालच्या कडेनं छाटले गेले होते. समास मी आखला होता.

"जावईबापूंनी," बाबा म्हणाले. इतक्या आनंदानं कुणी माझ्यावर कधी आळ घेतला नसेल. मी तिसरं वाक्य म्हटलं, बाई हसल्या, मी समास वाढवला, आणि रिक्षा पान घेऊन गेली.

पुस्तक छापून झालं, पाचशेच्या वर जोडण्या पुऱ्या झाल्या, तोवर थंडी सरत आली होती. मग मी एक दुपार खर्चून तो फॉन्ट बायकोच्या आणि बाबांच्या फोनमध्ये बसवला. बाबांनी फोन खाटेवर उपडा ठेवला होता. मेसेज वगैरे त्यांना आवडत नाहीत. ज्याला बोलायचंय त्यानं यावं, असं त्यांचं मत आहे.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून फोनवर काहीतरी टाइप करत होती. तिला वेळ लागत होता. एक ओळ लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. मी बघतोय हे दिसल्यावर तिनं पाठ फिरवली. मग मागच्या खोलीत बाबांचा फोन वाजला.

बाबा फोन हातभर लांब धरून बाहेर आले. पडद्याकडे बघत होते, पण वाचत नव्हते. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांची अक्षरं त्यांच्या हाताशिवाय कुठंतरी उमटून त्यांच्याकडे आली होती. ते सरळ बाहेरच्या खोलीतल्या आरशापुढे गेले. फोन आरशाकडे वळवून धरला आणि आरशात वाकून पाहू लागले. अक्षरं तिथं उलटी दिसत होती, म्हणजे त्यांच्या डोळ्यांना सरळ. डोक्यावरची रेघ पाहिली, झोका पाहिला, तळाचा उकार पाहिला. दुरुस्तीला जागा सापडते का ते शोधलं.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

"आणि मजकूर?" मी विचारलं.

तेव्हा कुठं त्यांनी वाचलं. आरशातूनच, मोठ्यानं, त्यांच्या भाषेत. मला वाचता येत नाही, पण ऐकून कळलं. माझ्या तीन वाक्यांतलं तिसरं होतं.

बाबा फोन खाली घेऊन उभे राहिले. स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता, गरजेपेक्षा जास्त. "मजकूर मात्र तिचा वाटत नाही," बाबा हळू आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

मग ते स्वयंपाकघरात गेले. लेकीशी काही बोलले नाहीत. तेवढी अपेक्षा एका दिवसात कुणी करू नये. खिडकीपाशी जाऊन त्यांनी धुरकट काचेवर बोटानं एक शब्द काढला आणि बाजूला झाले. बायकोनं मान वाकडी करून तो आतून वाचायचा प्रयत्न केला. मग तिनं गॅस बंद केला, चपला घातल्या आणि बाहेर गेली.

आम्ही दोघं आत उभे होतो. काचेपलीकडे ती आली, अक्षरांच्या समोर थांबली, आणि वाचलं. आधी तिनं तोंडावर हात धरला. मग ती हसायला लागली, त्या पहिल्या दिवसासारखी, थांबता न येणारी, खिडकीच्या गजाला धरून. या वेळी बाबाही हसत होते.

काय लिहिलं होतं ते तिनं मला रात्री जेवताना सांगितलं. लिहिलं होतं, "हस."